केसपेपरवर 'पित्त' लिहिण्याआधी

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी डॉक्टर २७ वर्षांची, एमबीबीएस झालेली. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या खासगी रुग्णालयात रात्रपाळीला कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) सांभाळते, दिवसा पीजीचा अभ्यास करते. दोन महिन्यांपूर्वी रात्री पावणेदोनला ५४ वर्षांचे एक दुकानदार आले. लग्नात जेवलेले, पोटात वरच्या बाजूला जळजळ, दोन उलट्या. "पित्त झालंय, इंजेक्शन द्या," हे त्यांचंच म्हणणं. मधुमेह आहे, गोळ्या चालू. छातीत दुखतं का विचारल्यावर "नाही" म्हणाले. आम्लासाठी पॅन्टोप्राझोल आणि उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन दिलं, अर्ध्या तासात बरं वाटलं, घरी गेले. पहाटे साडेपाचला परत आणलं तेव्हा ईसीजीत हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका स्पष्ट दिसत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालंय. सून नंतर म्हणाली, "रिक्षात त्यांचा शर्ट घामानं चिंब झाला होता. मी सांगणारच होते." तेव्हापासून ही डॉक्टर येईल त्याचा ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करते. रुग्णालयाचे मालक वैतागलेत. तिला झोप लागत नाही. ती विचारते: शंभर साध्या पेशंटमधून तो एक कसा ओळखायचा? मला ओळखता आलं नाही, म्हणजे मी या कामाच्या लायकीची नाही का? कॅज्युअल्टी सोडू का? आणि त्या घरी जाऊन भेटावं का?

डॉक्टर,

"ओळखता आलं नाही" हे शब्द तुमच्या पत्रात पाच वेळा आलेत. मी मोजले. मला वाटतं अडचण तिथंच आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

कॉलेजात आपल्याला आजार ओळखायला शिकवतात. वॉर्डात तिसऱ्या दिवसाचा पेशंट असतो, रिपोर्ट फायलीत असतात, सर विचारतात, आपण ओळखतो. कॅज्युअल्टीत पावणेदोनला तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचा आजार कदाचित दोन तासांचा होता. त्या घडीला त्याचा चेहरा बघून झटका आहे हे सांगणं मलाही जमलं नसतं, आणि मी ३४ वर्षं हेच काम केलंय. तुम्ही ओळखलं नाहीत याचा दोष मी तुम्हाला देत नाही. तुम्ही नाव फार लवकर दिलंत, एवढंच म्हणेन. आणि ते नावही तुमचं नव्हतं, पेशंटनं सोबत आणलेलं होतं.

'पित्त' हा शब्द घ्या. आपल्याकडे जेवणानंतर जळजळ झाली की पित्त, डोकं अर्धं दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. एका शब्दात घसा, पोट, डोकं आणि कातडी. तसंच 'गॅस'चं. गॅस पोटात होतो, छातीत चढतो, पाठीत जातो, खांद्यात अडकतो. 'चक्कर' म्हणजे कुणाला घर फिरताना दिसतं, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाला नुसतं गळून गेल्यासारखं होतं. 'उसण भरली' म्हणत आलेल्या साठीच्या माणसाच्या पाठीत खरंच उसण असते, बहुतेक वेळा. पण पोटातली महारोहिणी, म्हणजे सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी, फुगून चिरते तेव्हाही तो हेच म्हणतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा साठीनंतर 'मुतखडा' झाला असेल तर मी दोनदा विचार करते.

पेशंट खोटं बोलत नसतो. त्याच्या घरात ज्याला जे म्हणतात ते तो म्हणतो. आपण मात्र ते ऐकून केसपेपरवर इंग्रजीत 'ॲसिडिटी' लिहितो, आणि त्या क्षणी त्याच्या अंदाजाचं आपलं निदान होऊन बसतं. सकाळच्या डॉक्टरला तोच कागद मिळतो. तो लिहितो, "ॲसिडिटी, उतार नाही." दुपारचा लिहितो, "ॲसिडिटी, डोस वाढवला." कुणीच पहिल्यापासून विचारत नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे आपत्कालीन विभागाचे डॉक्टर पॅट क्रॉस्केरी यांनी डॉक्टरांच्या अशा विचारांच्या सवयींवर वर्षानुवर्षं लिहिलंय. एकदा चिकटलेलं निदान हाताहाती पुढं जाताना जास्तच पक्कं होत जातं, हे त्यांनी दाखवून दिलेल्या सवयींपैकी एक.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी कारकुनी आहे. रात्रीच्या केसपेपरवर आजाराचं नाव लिहू नका, तक्रार लिहा. "जेवणानंतर दोन तासांनी पोटात वरच्या बाजूला दुखतं, दोन उलट्या, कारण अजून ठरलेलं नाही." हे 'कारण अजून ठरलेलं नाही' लिहायला लाज वाटते, मला माहीत आहे. मलाही वाटायची. डॉक्टरनं सांगायला हवं असं लोकांना वाटतं. पण रात्रपाळीच्या डॉक्टरला एकच गोष्ट ठरवायची असते: या माणसाला घरी सोडायचं, थांबवायचं, की पुढं पाठवायचं. त्यासाठी आजाराचं नाव पुष्कळदा लागत नाही.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न. "छातीत दुखतं का?" "नाही." हे उत्तर खरं होतं, हो! झटक्याच्या कितीतरी पेशंटना दुखत नाही. त्यांना भरून आल्यासारखं वाटतं, दडपण येतं, आवळल्यासारखं होतं, जळजळतं, जीव घाबरा होतो. नुसतं 'दुखतं का' विचारलं की ते प्रामाणिकपणे मान हलवतात. मधुमेह असलेल्यांत, म्हाताऱ्या माणसांत आणि बायकांत हे जास्त. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला की मळमळ, उलटी, बेंबीच्या वर दुखणं हीच तक्रार बऱ्याचदा पुढं असते. तुमच्या पेशंटला मधुमेहही होता आणि झटकाही त्याच भिंतीला. दोन्ही गोष्टी तुम्हाला 'पोट' म्हणायला लावणाऱ्या.

मी मग काय विचारते? "छातीत कसं वाटतंय?" आणि गप्प बसते. उत्तर यायला वेळ लागतो. माणूस बोलण्याआधी बऱ्याचदा हात नेतो. पंजा पूर्ण छातीवर पसरला की मी सिस्टरकडे बघते, ती ईसीजीची गाडी ओढायला लागते. मग विचारते: घाम आला का, कपडे बदलावे लागले का? जबडा, दात, खांदा, दंड? जिना चढताना गेल्या आठवड्यात असं काही झालं होतं का? आणि शेवटी, हे नेहमीच्या पित्तासारखं आहे की वेगळं? हा शेवटचा प्रश्न पेशंटपेक्षा सोबतच्या माणसाला विचारावा. तुमच्या त्या सूनबाईंकडे उत्तर तयार होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आपल्याकडे सासऱ्यांच्या देखत, डॉक्टरसमोर, न विचारता बोलणं सगळ्या सुनांना जमत नाही.

सोबतच्यांचं म्हणणं हा पुराव्याचाच भाग आहे, याला आधार आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात मुलांच्या तापावर, आजारावर एक मोठी पाहणी झाली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासणीत मूल ठीक दिसत असूनही डॉक्टरला आतून 'काहीतरी बिनसलंय' असं वाटलं, तर गंभीर आजार निघण्याची शक्यता कितीतरी वाढलेली आढळली. आणि ही शंका डॉक्टरच्या मनात येण्यामागं बऱ्याचदा काय होतं? आईवडिलांनी "याआधी आजारी पडला तेव्हा असा नव्हता" असं सांगणं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी एका ग्रामीण रुग्णालयात होते, पावसाळ्याचे दिवस. पहाटे साडेचारच्या सुमारास चौदा वर्षांच्या मुलाला बैलगाडीतून आणलं. पोटात कळा, एक उलटी. रात्री शेजारी बारशाचं जेवण झालेलं. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ पडून राहा म्हटलं. आई म्हणाली, "झापड येतीया त्याला, डोळं उघडंना." मी म्हटलं, रात्रभर झोपला नाही, येणारच. वरून हेही म्हटलं की झोपू द्या त्याला.

आमच्याकडे एक जुन्या आयाबाई होत्या. त्या फरशी पुसता पुसता थांबल्या आणि आईला विचारलं, "भुईवर निजला होता का गं?" होय, भुईवर, घोंगडीवर. आयाबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, पान लागलंय बगा." आमच्या भागात साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. मी मुलाला वर बघायला सांगितलं. डोळे वर जात होते, पापण्या जात नव्हत्या. "जीभ बाहेर काढ" म्हटल्यावर जीभ दातांपाशी येऊन थांबली. अंगावर दाताची खूण शोधली, सापडली नाही. मण्यार होती. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही, सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग घसा, मग श्वास. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची तपासणीही मण्यारीत नॉर्मल येते. प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचं औषध) चालू केलं आणि श्वासनलिकेत नळी घालून जिल्ह्याच्या गावापर्यंत जीपमध्ये आम्ही आळीपाळीनं श्वास देणारा फुगा दाबत गेलो. मुलगा जगला. आता त्याची स्वतःची मुलं भेटायला येतात. पण मी त्याला "झोपू द्या" म्हटलं होतं, हे मी विसरलेले नाही.

आयाबाईंना माझ्यापेक्षा औषधशास्त्र जास्त येत नव्हतं. त्यांनी फक्त बारशाच्या जेवणावर विश्वास ठेवला नाही. तुमच्याकडे लग्नाचं जेवण होतं, माझ्याकडे बारशाचं. कारण आयतं मिळालं की आपण पुढं शोधत नाही. पावसाळ्यात, भुईवर झोपलेला, पहाटे पोटदुखी: एवढं जुळलं तर पापण्या बघितल्याशिवाय मी आजही कुणाला सोडत नाही.

तुमच्या पत्रातलं आणखी एक गृहीत: "इंजेक्शननं बरं वाटलं, म्हणून मला खात्री पटली." पॅन्टोप्राझोल इतक्या झटपट आराम देणारं औषध नाही. ऑनडॅनसेट्रॉननं मळमळ थांबली असणार, आणि झटक्याचं दुखणं तसंही लाटेसारखं कमी-जास्त होतं. औषधानं बरं वाटणं हा निदानाचा पुरावा धरू नये, दोन्ही बाजूंनी. सॉर्बिट्रेटनं (जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळीनं) आराम पडला म्हणजे हृदयच, हेही खरं नाही. उलट खालच्या भिंतीच्या झटक्यात उजव्या कप्प्यालाही मार बसलेला असेल तर सॉर्बिट्रेटनं बीपी धाडकन कोसळतं. अशा ईसीजीत उजव्या बाजूची व्ही४आर लीड, म्हणजे छातीच्या उजवीकडून घेतलेली नोंद, काढून बघायची सवय ठेवा.

मग सगळ्यांचाच ईसीजी आणि ट्रोपोनिन, हा तुमचा सध्याचा मार्ग? भीतीतून निघालाय, त्यामुळे तो तुम्हाला थकवणार. अर्धा भाग मात्र मला मान्य आहे. ईसीजीच्या बाबतीत हात आखडू नका. मी ज्युनिअर्सना एक ढोबळ हद्द सांगते: हनुवटीपासून बेंबीपर्यंत. तिशी ओलांडलेल्या माणसाला या पट्ट्यात कुठंही अस्वस्थ वाटत असेल आणि कारण डोळ्यांना दिसत नसेल, तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. मधुमेह, तंबाखू, मिश्री, घरात कमी वयात कुणी हृदयविकारानं गेलेलं, असं काही असेल तर वादच नको. तीस ही हद्द कमी वाटेल, पण आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकर गाठतो. धाप, एकाएकी दरदरून घाम, शुद्ध हरपणं यांनाही हाच नियम.

आणि पहिला ईसीजी साफ आला तर सुटलो असं नाही. पंधरा ते तीस मिनिटांनी दुसरा काढायचा, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचे. तुम्ही त्या रात्री ईसीजी काढला असता आणि तो नॉर्मल आला असता, हेही शक्य आहे. शंका असेल तर फोटो काढून ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवा. रात्री दोनला फोन केला म्हणून कुणी चिडलं, तर चिडू दे.

ट्रोपोनिनचं उलट आहे. दुखणं सुरू झाल्यावर तासाभरात केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर विसंबून माणूस घरी पाठवणं ही तुमच्या मूळ चुकीचीच दुसरी आवृत्ती. ती काही तासांनी पुन्हा करावी लागते. आणि मूत्रपिंडाचा जुना आजार, मोठा जंतुसंसर्ग अशा कितीतरी कारणांनी ती वाढलेली येते. सर्दीच्या पेशंटला ट्रोपोनिन करून तुम्ही स्वतःसाठी नवे गोंधळ विकत घेताय. इथं तुमच्या मालकांचं बरोबर आहे.

याहून स्वस्त आणि जास्त कामाची गोष्ट तुमच्या टेबलावर रोज असते, ती म्हणजे श्वास मोजणं. आपल्या राज्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीतले पन्नास केसपेपर काढा, श्वासाच्या रकान्यात १८ नाहीतर २० लिहिलेलं असेल. पन्नास माणसं एकाच गतीनं श्वास घेत नाहीत. कुणी मोजलेलाच नसतो. घड्याळ हातात घेऊन, नाडी बघतोय असं दाखवत, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. रक्तदाब पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय, फुप्फुसात गुठळी अडकलीय, शरीरात आम्ल साचतंय, सगळ्यांत. मिनिटाला २२ च्या वर गेला की मी त्या माणसाला खाटेवर घेते, तो कितीही हसून बोलत असला तरी. कॉलेजातली पोरगी "उलट्या आणि पोटदुखी" म्हणून येते, खोल खोल श्वास घेत असते, आणि ग्लुकोमीटर 'हाय' दाखवतो, म्हणजे साखर त्याला मोजता येण्यापलीकडे गेलेली. तिला मधुमेह आहे हे त्या दिवशीच घरात कळतं. बोटाला एक टोचणी, तेवढ्यावर निभावतं.

हे सगळे आकडे पेशंट दारातून बाहेर पडताना पुन्हा घ्या. आल्यावर नाडी ११६ होती, जातानाही ११२ आहे, ताप उतरलाय, दुखणं नाही, तरी ११२: हा माणूस बरा झालेला नाही. का आहे ते कळेपर्यंत थांबवा.

तापाबद्दल थोडं, कारण तुमच्या भागातला मोसम सुरू होतोय. डेंग्यूत घरचे लोक ताप असताना घाबरतात आणि ताप उतरला की निर्धास्त होतात. धोका बहुधा तेव्हाच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप ओसरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, मूल चिडचिड करतंय किंवा मलूल पडलंय, वरचं आणि खालचं बीपी एकमेकांजवळ येत २० च्या फरकावर आलंय, तर प्लेटलेट कितीही असोत, पेशंट दाखल. आणि या दिवसांत अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सवयीनं टोचू नका. भातलावणी करून आलेला, पोटऱ्या ठणकताहेत, डोळे लाल पण चिपडं नाहीत, लघवी कमी: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) धरून चाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत 'साधा ताप' म्हणून आलेल्यांत हा आजार किती निघाला ते आमच्या पिढीनं पाहिलंय. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसनं (बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापानं) तेच शिकवलं. त्याची खूण म्हणजे सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी, न दुखणारी खपली. ती काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या नाडीखाली असते, म्हणजे जिथं आपण कपडे काढून बघत नाही तिथं. पडदा ओढा, सिस्टरना सोबत घ्या आणि बघा.

बाकीचं भराभर सांगते. पाळी येणाऱ्या वयातली कुठलीही बाई पोटदुखी किंवा घेरी घेऊन आली की लघवीची गरोदरपणाची तपासणी, पाळी चुकली नाही म्हणाली तरी. पोटात खाली दुखतंय म्हणणाऱ्या मुलग्याची चड्डी काढून बघायची. तो लाजून सांगत नाही, आणि वृषणाला पीळ पडला असेल तर हातात साधारण सहा तास असतात. डोकेदुखीत किती दुखतंय यापेक्षा किती वेळात शिगेला पोहोचलं ते विचारा. मिनिटाभरात कुणीतरी घाव घातल्यासारखं सुरू झालं असेल तर सीटी स्कॅनला पाठवा. कंबरदुखीत लघवी अडकतेय का, बसल्यावर खोगिराच्या जागी, म्हणजे मांड्यांच्या मधल्या भागात, बधिर वाटतं का, हे दोन प्रश्न तोंडपाठ ठेवा.

आता घरी पाठवताना काय बोलायचं. "काही वाटलं तर या," असं आपण सगळे म्हणतो. काही म्हणजे काय? तुमच्या दुकानदारांना घरी गेल्यावर तीनच्या सुमारास पुन्हा दुखायला लागलं असणार, आणि त्यांनी स्वतःला समजावलं असणार की डॉक्टरीणबाईंनी पित्ताचं इंजेक्शन दिलंय, उतरेल. तुम्ही दिलेल्या नावानं त्यांना घरी बसवून ठेवलं. अंगावर काढायला आपल्या लोकांना निमित्तच हवं असतं. त्याऐवजी असं सांगून बघा: "आत्ता तरी मला पित्त वाटतंय, पण खात्री नाही. पुन्हा दुखलं, घाम आला, दम लागला, उभं राहवेना, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही, यायचं." मग सोबतच्या माणसाला विचारा, "काय झालं तर आणाल?" त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं की समजा पोहोचलं. रात्री परत यायला गाडी आहे का, घर किती लांब, १०८ ला फोन करणारं घरात कुणी आहे का, हेही विचारा. वाडीवर एकटा राहणारा म्हातारा आणि रुग्णालयासमोरचा दुकानदार, दोघांची लक्षणं सारखी असली तरी निर्णय सारखा नसतो. पहिल्याला मी खाट देईन.

दोन-तीन दिवसांत जो पेशंट त्याच तक्रारीसाठी परत येतो, त्याचा जुना कागद आधी वाचू नका. उलटा ठेवा, पहिल्यापासून विचारा, मग वाचा. असे पेशंट कटकटे वाटतात. "आत्ताच तर औषध दिलंय" असं तोंडावर येतं. माझ्या पदरी पडलेल्या चुका मी कधी आठवायला बसते तेव्हा त्यात दुसऱ्यांदा आलेली माणसं फार आहेत.

मालकांशी कसं बोलावं? त्यांना नुसती भीती सांगू नका, एक छापील पान द्या. कुणाचा ईसीजी दहा मिनिटांत, कुणाचा दोनदा, ट्रोपोनिन कुणाला आणि किती वाजता, सुटी देण्याआधी कोणते आकडे. हे पान त्यांच्या सहीनं भिंतीवर लागलं की "नव्या डॉक्टरीणबाई उगाच तपासण्या करतात" हे बोलणं थांबतं, कारण मग नियम रुग्णालयाचा होतो. ते तयार झाले नाहीत, ईसीजीसाठीही नाही म्हणाले, तर मात्र ती नोकरी सोडा. ती नोकरी, कॅज्युअल्टी नव्हे. आणि सलग किती रात्री करता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. रात्रपाळी संपल्यावर अभ्यास आणि अभ्यासानंतर रात्रपाळी चालू असेल, तर लायकीचा प्रश्न काढण्याआधी झोपेचा हिशेब काढा.

कोर्टाची धास्ती तुमच्या पत्रात दोन ओळींत डोकावते. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलंय की निर्णय चुकला म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. काय विचारलं, काय तपासलं, वाईटात वाईट काय असू शकतं आणि ते का बाजूला ठेवलं, याची एक ओळ कागदावर असली तर ती तुमच्याही उपयोगी, पुढच्या डॉक्टरच्याही. जुन्या केसपेपरवर मात्र आता एक अक्षरही वाढवू नका.

हे सदर डॉक्टर नसलेलेही वाचतात, त्यांच्यासाठी: कॅज्युअल्टीत गेल्यावर "पित्त झालंय" सांगण्याऐवजी कधीपासून, कुठं, कसं होतंय ते सांगा. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. आणि माणूस तुम्हाला नेहमीसारखा वाटत नसेल, तर तेवढं एक वाक्य डॉक्टरांनी न विचारताही बोला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्या घरी जा. आधी मालकांना कल्पना द्या, चोरून जाऊ नका. फळं नेऊ नका, फार रडूही नका, त्यांनाच तुम्हाला समजवावं लागेल. "त्या रात्री मी ईसीजी काढायला हवा होता, काढला नाही, याचं मला वाईट वाटतं," एवढं सरळ म्हणा. ते रागावतील, किंवा चहा ठेवतील, किंवा दोन्ही. मग सूनबाईंशेजारी बसा आणि रिक्षात त्यांना काय काय दिसलं होतं ते विचारा. त्या दोन महिने ते कुणाला तरी सांगायला थांबल्या असतील.